यूजेन स्क्रीब : शब्द सामान्य, तरी सगळे संगीतकार त्याच्याच दाराशी का?

तिसरी_घंटा

ओबेर, मेयरबेअर, अलेव्ही, रोसिनी, डोनिझेटी आणि व्हर्दी या सहा संगीतकारांना जोडणारा एक माणूस सांगा, असे विचारले तर ऑपेराचे जुने रसिकही थोडे अडखळतात. तो माणूस म्हणजे फ्रेंच नाटककार यूजेन स्क्रीब. या सहाही जणांनी त्याच्या संहितांना, म्हणजे त्याने रचलेल्या कथानकांना आणि गाण्यांच्या शब्दांना, संगीत दिले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात पॅरिसमधल्या संगीत रंगभूमीवर जे काही गाजले, त्याच्या जाहिरातीत बहुधा त्याचे नाव असायचेच. आज मात्र ऑपेराच्या चर्चेत तो तळटीपेपुरता उरला आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. स्क्रीबचा जन्म २४ डिसेंबर १७९१ रोजी पॅरिसमध्ये रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडील लवकर गेले. पुढे त्याने वकिली करावी अशी घरच्यांची अपेक्षा होती, पण कायद्याच्या पुस्तकांपेक्षा नाटकगृहातच त्याचा जीव अधिक रमला. सुरुवातीची नाटके सपाटून पडली. १८१५ मध्ये राष्ट्रीय रक्षकदलातल्या शिपायांवर लिहिलेल्या एका छोट्या गीतयुक्त प्रहसनाने त्याला हात दिला आणि १८२० मध्ये जिमनाझ हे नवे नाट्यगृह उघडले तेव्हा त्याचा मुख्य लेखक तोच झाला. बोएल्द्यूने संगीत दिलेल्या 'ला दाम ब्लांश'ने (१८२५) ऑपेरातही त्याचे बस्तान बसवले. १८३४ मध्ये फ्रेंच अकादमीवर त्याची निवड झाली. २० फेब्रुवारी १८६१ रोजी पॅरिसमध्ये घोडागाडीतून जात असतानाच त्याला मृत्यू आला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ओबेरसाठी लिहिलेला त्याचा एक नवा ऑपेरा रंगमंचावर आला होता. त्याच्या समग्र साहित्याचे ७६ खंड निघाले.

त्याच्यावरचा आरोप जुना आहे. त्याची पद्ये सपाट आहेत, भाषेत काव्य नाही, आणि त्याने हाताखाली सहलेखक बसवून लिहिण्याचा कारखाना काढला होता, असे म्हटले जाते. माझे मत असे की या आरोपातले पहिले दोन भाग बऱ्याच अंशी खरे आहेत, परंतु ऑपेराच्या संहिताकाराचे काम कविता लिहिणे हे नाहीच. गाण्याला भाग पाडणारा प्रसंग उभा करणे हे ते काम आहे आणि त्यात स्क्रीबचा हात धरणारा त्या काळात कोणी नव्हता. यावर सभासदांचे काय म्हणणे आहे?

निळी_शाई

धागा उत्तम आहे, पण आरोपाच्या वेळी तुम्ही आरोपीची बाजू जरा घाईने घेतलीत. शब्द सामान्य असले तरी चालते, असे एकदा मान्य केले की संहिताकाराच्या आळसाला परवानाच मिळतो. स्क्रीबची कित्येक पद्ये पाट्या टाकल्यासारखी आहेत. यमक जुळवण्यासाठी आणलेले भरतीचे शब्द, ठरावीक विशेषणे आणि कोणत्याही पात्राच्या तोंडी घालता येतील अशा ओळी त्यांत जागोजागी भेटतात. तेओफील गोतिएसारखा समीक्षक त्याच्या भाषेवर वैतागत असे, तो उगीच नव्हे.

गणू_मास्तर

ज्याने मुकी नायिका घेऊन पाच अंकी ऑपेरा लिहिला, तो धाडसी होता की गायिकांच्या नखऱ्यांना कंटाळलेला होता, याचा निकाल आधी लागला पाहिजे.

वाचक_सांगलीकर

गणू मास्तर, तुमच्या विनोदातच या धाग्याचे अर्धे उत्तर आहे. 'ला म्युएत द पोर्तिची' हा ऑपेरा २९ फेब्रुवारी १८२८ रोजी आला. संगीत ओबेरचे आणि संहिता स्क्रीब व जेर्मां देलाव्हीन्य यांची. नेपल्समध्ये १६४७ साली मासानिएल्लो नावाच्या कोळ्याने स्पॅनिश अमलाविरुद्ध केलेले बंड हा त्याचा विषय आहे. मासानिएल्लोची बहीण फेनेला मुकी असून तिची भूमिका गायिका करत नाही, नर्तकी करते. स्पॅनिश सुभेदाराच्या मुलाने तिला फसवले आहे आणि ज्या दिवशी ती त्याच्या कैदेतून निसटते, तो त्याच्या लग्नाचा दिवस आहे. सबंध चर्चसमोर ती हातवाऱ्यांनी काय सांगते आहे, ते नववधूला हळूहळू उमगत जाते. इथे कवितेची गरज कुठे आहे? वाद्यवृंद तिच्या वतीने बोलतो, समूह भोवती गात राहतो आणि जिला सगळे ठाऊक आहे तिलाच बोलता येत नाही. शेवटी ती व्हेसुव्हियसच्या लाव्ह्यात उडी घेते. ज्वालामुखीचा उद्रेक रंगमंचावर दाखवत, हे वेगळे सांगायला नको.

निळी_शाई, प्रसंगाची अशी मांडणी ही आळशी माणसाची नव्हे.

कोपऱ्यातली_खुर्ची

आणि याच ऑपेराने बेल्जियम स्वतंत्र केला! २५ ऑगस्ट १८३० रोजी ब्रसेल्सच्या मोने नाट्यगृहात हा प्रयोग चालू असताना देशावरील पवित्र प्रेमाचे द्वंद्वगीत सुरू झाले, प्रेक्षक पेटून उठले, रस्त्यावर आले आणि डच राजवटीविरुद्ध उठाव झाला. एखाद्या संहिताकाराच्या खात्यावर सबंध राष्ट्र जमा असल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

दप्तरदार

कोपऱ्यातली_खुर्ची, घटना आणि तारीख बरोबर आहे, पण राष्ट्र स्क्रीबच्या खात्यावर जमा करण्यापूर्वी जरा थांबावे. त्या उन्हाळ्यात ब्रसेल्समध्ये बेकारी होती, धान्य महागले होते, डच राज्याच्या या दक्षिण भागातल्या कॅथलिक आणि उदारमतवादी मंडळींची राजा विल्यमवर एकत्रित नाराजी होती आणि जुलैमध्येच पॅरिसला क्रांती होऊन गेली होती. दारू कोठारात भरलेलीच होती.

गंमत अशी की ज्या संहितेने लोक पेटले, ती मुळात बंडखोरांची बाजू घेणारी नाहीच. मासानिएल्लो सत्ता हाती येताच आपल्याच माणसांच्या क्रौर्याने हादरतो, त्याचेच साथीदार त्याला विष घालतात, तो भ्रमिष्ट होतो आणि शेवटी आपल्याच लोकांकडून मारला जातो. बंड फसते. फ्रान्सच्या बूर्बों राजांच्या अमदानीत, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहात आणि परिनिरीक्षकांच्या (सेन्सॉरच्या) नाकाखाली बंडावरचा ऑपेरा मंजूर करून घ्यायचा तर शेवट असाच करावा लागणार, हे स्क्रीबने बरोबर ताडले होते. ब्रसेल्सच्या प्रेक्षकांनी शेवटच्या अंकापर्यंत धीर धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनोरंजक आहे.

गणू_मास्तर

म्हणजे बेल्जियमचे स्वातंत्र्य हे प्रयोग अर्धवट सोडून उठण्याचे फळ. आमच्या गावच्या प्रेक्षकांबद्दलचा आदर वाढला.

रसिका_ठाणे

तिसरी_घंटा यांच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून मेयरबेअरच्या 'ह्युगेनॉट्स'च्या (१८३६) चौथ्या अंकाकडे बघा. सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीची, म्हणजे ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसच्या कॅथलिकांनी ह्युगेनॉट म्हणवणाऱ्या प्रॉटेस्टंटांना कापून काढले ती रात्र आहे. व्हालांतीन ही कॅथलिक सरदाराची मुलगी आहे आणि दुसऱ्याशी तिचे लग्न झालेले आहे. तिचा निरोप घ्यायला आलेला प्रॉटेस्टंट राउल पावले ऐकून पडद्याआड लपतो. मग तिचे वडील आणि इतर कॅथलिक सरदार त्याच खोलीत येऊन कत्तलीचा बेत ठरवतात. तिचा नवरा नेव्हेर या कामाला नकार देऊन आपली तलवार मोडून टाकतो. त्यानंतर तीन भिक्षू येऊन तलवारी आणि खंजिरांना आशीर्वाद देतात आणि समूहाचा आवाज चढत चढत टिपेला पोहोचतो. हे सगळे चालू असताना आपले लक्ष मात्र पडद्याकडे लागलेले असते.

मंडळी निघून जातात. राउल बाहेर पडतो, आपल्या लोकांना सावध करायला धावू पाहतो आणि व्हालांतीन दार अडवते. त्याला थांबवण्यासाठी तिच्याकडे एकच गोष्ट उरलेली असते, ती म्हणजे आपले प्रेम कबूल करणे. तो विरघळतो, आणि तेवढ्यात कत्तलीचा इशारा देणारी घंटा वाजते. एकाच खोलीत, एकाच पडद्याच्या आधारे धर्मयुद्ध आणि प्रेमप्रकरण या दोन्ही गोष्टी अशा अडकवल्या आहेत की एक सुटल्याशिवाय दुसरी सुटत नाही. पॅरिसच्या ऑपेरात हजार प्रयोगांचा टप्पा गाठणारा हा पहिला ऑपेरा ठरला, त्याचे कारण केवळ मेयरबेअरचे संगीत नव्हते.

निळी_शाई

रसिकाताई, वर्णन सुरेख आहे, पण उदाहरण तुमच्याच अंगावर येते. ते प्रसिद्ध प्रेमगीत स्क्रीबच्या मूळ आराखड्यात नव्हते. खंजिरांच्या आशीर्वादाने अंक संपायचा होता. राउलची भूमिका करणारा गायक आदोल्फ नुरी यानेच त्यापुढे द्वंद्वगीत हवे असा आग्रह धरला आणि त्याचे शब्द एमिल देशां या कवीकडून लिहून घेतले गेले.

'ला झ्वीव्ह'चीही (१८३५) तीच कथा आहे. अलेव्हीच्या या ऑपेरातले आज सर्वांत जास्त गायले जाणारे गीत म्हणजे एलेआझारचे, ज्यात तो आपण वाढवलेल्या राशेलला मरणाच्या दारात लोटतो आहोत का, असे स्वतःलाच विचारतो. ते गीत त्या जागी असावे ही कल्पना नुरीची, आणि संगीतकाराच्या भावाने लिहून ठेवल्याप्रमाणे त्याचे शब्दही नुरीचेच. मग स्क्रीबच्या दोन सर्वोत्तम ऑपेरांतले दोन सर्वोत्तम क्षण एका गायकाच्या आग्रहाने जन्मले, असे का म्हणू नये?

तिसरी_घंटा

निळी_शाई, दोन्ही तपशील खरे आहेत आणि मला ते अडचणीचे वाटत नाहीत. 'ला झ्वीव्ह'मध्ये एलेआझारला तो प्रश्न पडतो, कारण राशेल ही त्याची मुलगी नसून त्याचा छळ करणाऱ्या कार्डिनल ब्रोन्यीची हरवलेली मुलगी आहे, हे त्याला एकट्याला माहीत आहे. हे गुपित सांगितले तर मुलगी वाचते पण सूड हुकतो, आणि न सांगितले तर सूड पुरा होतो पण मुलगी मरते. ही कात्री स्क्रीबने पहिल्या अंकापासून धार लावत आणलेली आहे. शेवटच्या दृश्यात ब्रोन्यी विचारतो की माझी मुलगी कुठे आहे, आणि उकळत्या कढईत राशेलला फेकले जात असताना एलेआझार तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो की ती बघ. त्याच क्षणी तो स्वतःही मृत्यूकडे चालू लागतो. नुरीने गाण्याची जागा ओळखली, त्याला पूर्ण श्रेय. पण ओळखण्यासारखी जागा तिथे कोणीतरी ठेवलेली होती.

पेटी_पांढरी_चार

मी स्वतः नाटकांना संगीत देतो, म्हणून कामाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. संहिता आधी पूर्ण लिहून मग संगीतकाराच्या हाती सोपवली, असे तिथे क्वचितच घडे. चाल आधी सुचली की संगीतकार तिच्या लयीत बसतील अशा ओळी मागवत असे. कधी कधी तो स्वतःच अर्थहीन शब्द जोडून नमुना देई आणि त्या मापाचे खरे शब्द नंतर भरले जात. फ्रेंच नाट्यसंगीताच्या व्यवहारात अशा कच्च्या शब्दांना 'मॉन्स्त्र', म्हणजे राक्षस, असे म्हणत. कपड्याला आधी घातलेल्या कच्च्या शिलाईसारखे ते असतात, फक्त घाई झाली की कधी कधी तीच शिलाई कायम राहून जाते. स्क्रीबच्या ओळी कागदावर सपाट वाटतात, त्याचे एक कारण हेही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मेयरबेअरसारखा चिकित्सक संगीतकार. तो एकेका दृश्यासाठी संहिताकाराला पुन्हा पुन्हा लिहायला लावी, करारात मुदती आणि दंड असत, आणि तालमी सुरू झाल्यावरही बदल थांबत नसत. 'रोबेर ल दियाब्ल' आधी ऑपेरा-कोमिकसाठी, म्हणजे गाण्यांच्या मध्ये गद्य संवाद असलेल्या प्रकारासाठी योजला होता. पुढे तो पॅरिसच्या मुख्य ऑपेरागृहासाठी पाच अंकी करायचा ठरला तेव्हा सगळे गद्य काढून आराखडा नव्याने बांधावा लागला. हे करताना न थकणारा आणि न रुसणारा लेखक मिळणे, याचे मोल संगीतकारालाच कळते. कवी रुसतात. स्क्रीब रुसत नसे.

कोपऱ्यातली_खुर्ची

'रोबेर'चा उल्लेख आलाच आहे तर २१ नोव्हेंबर १८३१ च्या पहिल्या प्रयोगाबद्दल सांगायला हवे. तिसऱ्या अंकात चंद्रप्रकाशातल्या पडक्या मठात, पापी जोगिणींची भुते थडग्यांतून उठून नाचतात. गॅसच्या दिव्यांनी केलेला तो प्रकाश आणि मारी तालिओनीचे नृत्य यांनी पॅरिस वेडे झाले. मात्र त्या रात्री दिव्यांचा एक खांब गायिकेजवळ कोसळला, तालिओनीवर पडू पाहणारा पडदा तिने चपळाईने चुकवला, आणि शेवटी सैतानाच्या पाठोपाठ नायकाची भूमिका करणारा नुरीही चुकून रंगमंचाच्या चोरदरवाजातून खाली गेला. नायक वाचतो असे संहितेत लिहिलेले असल्यामुळे प्रेक्षक काही काळ बुचकळ्यात पडले.

गणू_मास्तर

नुरीने इथेही शेवट बदलण्याचा आग्रह धरला म्हणायचा.

मांडवीकाठ

आमच्याकडे रेल्वेचे शेवटचे स्थानक ज्याच्या नावाचे आहे, त्या वास्को द गामाला स्क्रीबने ऑपेराचा नायक केले, हे इथे अजून कोणी सांगितले नाही, म्हणून मी सांगते.

'लाफ्रिकेन', म्हणजे आफ्रिकन स्त्री. मेयरबेअर आणि स्क्रीब यांचा यासाठीचा करार १८३७ चा आहे आणि पहिला प्रयोग २८ एप्रिल १८६५ रोजी झाला. तोपर्यंत स्क्रीब जाऊन चार वर्षे झाली होती आणि मेयरबेअरही आदल्या वर्षी मे महिन्यात वारला होता. मधल्या काळात कथानक पार फिरले. १८५० नंतरच्या फेरलेखनात वास्को मध्यवर्ती झाला, आणि नायिका सेलिका हिचे राज्य हिंदुस्थानाच्या बाजूला सरकले. मेयरबेअरच्या मृत्यूनंतर संपादनाचे काम फेतिस या संगीतज्ञाकडे गेले आणि नाव मात्र जुनेच ठेवले गेले. परिणाम असा की आफ्रिकन म्हणवली जाणारी ही राणी चौथ्या अंकात हिंदू देवळासमोर दिसते, तिचा पुरोहित ब्रह्मदेवाचा आहे आणि शपथा ब्रह्मा, विष्णू व शिव यांच्या घेतल्या जातात. शेवटी ती ज्या विषारी झाडाखाली प्राण सोडते, ते मांचिनील तर अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचे झाड आहे. तीन खंड एकाच रंगमंचावर आणण्याचा हा पराक्रम लिस्बनच्या कोणत्याही दर्यावर्द्याला जमला नसता.

इतिहासाचे तर विचारूच नका. खरा गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि १५२४ मध्ये कोचीनला वारला. गोवा घेतला तो आल्बुकर्कने, १५१० मध्ये. स्क्रीबचा गामा मात्र नव्या भूमीवर पाय ठेवताच स्वर्ग लाटांतून वर आल्याचे गीत गातो आणि दोन स्त्रियांमध्ये हेलकावे खातो. ते गीत आजही प्रत्येक मोठ्या तारस्वरी (टेनर) गायकाला गावेसे वाटते, हे मान्य करते. परंतु बाहेरून पोहोचलेल्या माणसाच्या तोंडी स्वर्ग आणि ज्यांच्या दारी तो पोहोचला त्यांच्या तोंडी फक्त शपथा, ही वाटणी मला खटकते. राणी सेलिका दोन्ही बाजूंपेक्षा उदात्त रंगवली आहे, पण तिने मरावे आणि त्याने जहाजावर बसून निघून जावे, असेच तिचे औदार्य संपते. २०१३ मध्ये जर्मनीतल्या केम्निट्झला मेयरबेअरच्या मूळ हस्तलिखिताच्या आधारे 'वास्को द गामा' याच नावाने हा ऑपेरा झाला.

दप्तरदार

मांडवीकाठ, खटकण्याचे कारण रास्त आहे. हिंदुस्थान हा स्क्रीबसाठी देश नव्हता, नेपथ्य होते. त्याने १८३० मध्ये ओबेरसाठी 'देव आणि देवदासी' अशा अर्थाच्या नावाचा ऑपेरा-बॅले लिहिला होता. तो जर्मन कवी गटेच्या एका कथागीतावर बेतलेला होता आणि त्यातली देवदासी पुन्हा एकदा न गाणारी, नाचणारी तालिओनी होती. पुढे १८३८ मध्ये पाँडिचेरीकडच्या खऱ्या देवदासींचा एक चमू आपल्या वादकांसह पॅरिसला आला. गोतिएने त्यातल्या अमनी या नर्तकीबद्दल भरभरून लिहिले, पण अनेक प्रेक्षकांना प्रश्न पडला की या बायका तालिओनीसारख्या का नाचत नाहीत. खोट्याची सवय लागली की खरे ओळखू येत नाही, याचा दोष एकट्या स्क्रीबला देता येणार नाही, तरी त्याचा वाटा होताच.

स्वतः स्क्रीबने याबाबत कधी आडपडदा ठेवला नाही. १८३६ च्या अकादमीतल्या भाषणात त्याने सांगून टाकले होते की लोक नाटकाला शिकवण घ्यायला किंवा सुधारायला येत नाहीत, करमणुकीला येतात, आणि त्यांची करमणूक सत्याने नव्हे तर कल्पिताने होते.

हिशेबनीस

श्रेयाच्या चर्चेत पैशाचा विषय अजून निघाला नाही, याचे नवल वाटले. कारखाना हा शब्द तुच्छतेने वापरला जातो, पण त्या कारखान्यात सहलेखकांची नावे लपवली जात नसत. मेलेस्व्हील, सेंट-जॉर्ज, देलाव्हीन्य, देलेस्त्र-प्वारसों यांची नावे संहितांवर छापलेली आहेत. पुष्कळदा समोरच्याने नुसती कल्पना दिली असली तरी त्याला नाव आणि वाटा मिळे, अशी त्याची ख्याती होती. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपवणाऱ्या नामवंतांची त्या शतकात वाण नव्हती, हे लक्षात घेतले तर हा व्यवहार फारच सचोटीचा ठरतो.

शिवाय १८२९ मध्ये नाटककार आणि संगीतकारांची जी संघटना पॅरिसमध्ये उभी राहिली, त्यामागे स्क्रीबचा मोठा हात होता. नाटककार बोमार्शेने १७७७ मध्ये लेखकांच्या हक्कासाठी सुरू केलेल्या झगड्याला तिने व्यवहारी रूप दिले. एकदाच रोख रक्कम घेऊन हात धुऊन बसण्याऐवजी प्रत्येक प्रयोगाच्या उत्पन्नात लेखकाचा वाटा असावा, हे तत्त्व लहान नाट्यगृहांतही रुजले, आणि एखादा मालक ते मानत नसेल तर सभासद त्याला नाटकच देत नसत. ती संस्था आजही चालू आहे.

स्क्रीब स्वतः यातून गडगंज झाला आणि त्याने ते लपवले नाही. सेरिकूर येथील आपल्या गावाकडच्या वाड्यावर त्याने दोन ओळी कोरून घेतल्या होत्या. त्यांचा आशय असा, की हा निवारा रंगभूमीने मिळवून दिला आहे, वाटसरा, तुझे आभार, कदाचित तुझ्याच पैशातून तो उभा राहिला असेल. निळी_शाई, या दोन ओळींत भरतीचा एकही शब्द नाही, हे आपणही मान्य कराल.

निळी_शाई

मान्य आहे. स्वतःच्या घरावर लिहिताना माणूस काळजी घेतो.

बारामतीचा_बॅरिटोन

व्हर्दीची बाजूही मांडली पाहिजे. 'सिसिलियन व्हेस्पर्स' (१८५५) ही संहिता स्क्रीब आणि द्युव्हेरिए यांची. मुळात ती १८३९ च्या सुमारास डोनिझेटीसाठी 'ड्यूक ऑफ आल्बा' या नावाने लिहिलेली होती आणि तो ऑपेरा अपुरा राहिला होता. सोळाव्या शतकातले फ्लांडर्स पुसून तिथे १२८२ चे सिसिली आणले, स्पॅनिश जुलमी अधिकाऱ्यांच्या जागी फ्रेंच बसवले आणि गाडी पुढे निघाली. व्हर्दीने तालमींच्या काळात पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या संचालकांना लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की स्क्रीब तालमींना फिरकत नाही, पाचवा अंक सगळ्यांनाच कंटाळवाणा वाटत असून तो सुधारण्याची तसदी घेत नाही, आणि इटालियन देशभक्त प्रोचिदा याला त्याने हातात खंजीर घेतलेला ठरावीक कारस्थानी करून टाकले आहे. पेटी_पांढरी_चार यांनी वर्णन केलेला न थकणारा लेखक साठी ओलांडताना थकला होता, असे दिसते.

तरीही हाच व्हर्दी काही वर्षांनी पुन्हा स्क्रीबच्याच कथानकाकडे वळला. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह याच्यावर १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात गोळी झाडली गेली. त्यावर स्क्रीबने ओबेरसाठी १८३३ मध्ये ऑपेरा लिहिला आणि राजाचे मारेकऱ्याच्या पत्नीवर प्रेम होते, हा भाग पदरचा घातला. तेच कथानक व्हर्दीने घेतले. राजहत्येला नेपल्सच्या परिनिरीक्षकांनी हरकत घेतली, आणि शेवटी १८५९ मध्ये रोमला तो 'उन बाल्लो इन मास्केरा' म्हणून आला तेव्हा स्वीडनचा राजा बॉस्टनचा गव्हर्नर झालेला होता. त्यातला तिसरा अंक ऐकताना स्क्रीबचे नाव कोणाच्या मनात येत नाही, पण पती, पत्नी आणि मित्र यांना एका मुखवट्याखाली आणण्याची योजना त्याचीच आहे.

रसिका_ठाणे

त्याच धर्तीवर 'लेलिझीर दामोरे'. १८३१ मध्ये ओबेरसाठी स्क्रीबने 'ल फिल्त्र' लिहिला आणि पुढच्याच वर्षी संहिताकार रोमानीने तो इटालियनमध्ये आणून डोनिझेटीला दिला. भोंदू वैद्य, प्रेमाचे औषध म्हणून विकलेली दारू, वारसा मिळाल्याची बातमी गावभर पसरते पण नायकालाच ठाऊक नसते, हे सारे स्क्रीबचे. त्या ओघळणाऱ्या अश्रूचे गीत मात्र स्क्रीबकडे नाही. ते डोनिझेटीने मागून घेतले. निळी_शाई यांचा मुद्दा इथे मला खरा वाटतो. स्क्रीबच्या यंत्रात सगळे खटके बरोबर वेळी पडतात, परंतु एखादे पात्र क्षणभर थांबून एकटे राहावे, याला त्याच्याकडे सवड नसते. ती सवड नुरी, डोनिझेटी, व्हर्दी यांना भांडून मिळवावी लागली.

नेपथ्य_नाना

मराठी नाटकाशी याचा एक दूरचा धागा आहे, तो सांगून ठेवतो. स्क्रीबच्या गद्य नाटकांतून बांधेसूद नाटकाचे तंत्र घडले. प्रेक्षकाला आधी कळलेले आणि पात्राला न कळलेले गुपित, योग्य हाती न पडणारे पत्र, दर अंकाच्या शेवटी पालटणारे पारडे, ही त्यातली हत्यारे. १८५० च्या दशकात पुढे मोठा नाटककार झालेला तरुण इब्सेन नॉर्वेतल्या बर्गेनच्या नाट्यगृहात काम करत होता तेव्हा तिथे स्क्रीबची नाटके सारखी होत आणि ती बसवता बसवता तो हे तंत्र शिकला. नंतर त्याने त्यातली कृत्रिमता टाकून दिली, पण गुपित उलगडत नेण्याची पद्धत ठेवली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले, ते इब्सेनचा समकालीन आणि देशबांधव ब्यर्नसन याच्या नाटकावर बेतलेले होते. म्हणजे ज्या नव्या वास्तववादी नाटकाचे आपण कौतुक करतो, त्याच्या पणजोबांच्या रांगेत हा करमणूकवाला स्क्रीब उभा आहे.

निळी_शाई

नाना, पणजोबा म्हणून नमस्कार करायला हरकत नाही. तिसरी_घंटा यांच्या मूळ प्रश्नावर माझे म्हणणे आता असे आहे की संगीतकार त्याच्या दाराशी गेले ते त्याने प्रसंग बांधून दिले म्हणून, आणि तिथून निघताना प्रत्येकाने दुसऱ्या कोणाकडून तरी चार ओळी लिहून घेतल्या, हेही तितकेच खरे.

तिसरी_घंटा

यातल्या दुसऱ्या भागातून मेयरबेअर आणि व्हर्दीला सूट नाही, पण ओबेरला द्यावी लागेल. १८२३ पासून शेवटपर्यंत हे दोघे जवळजवळ अखंड एकत्र काम करत राहिले आणि ओबेरने त्याच्या पस्तीसहून अधिक संहितांना संगीत दिले. 'फ्रा दियाव्होलो' (१८३०) किंवा 'ल दोमिनो न्वार' (१८३७) यांत कोणी रडत नाही आणि कोणाला एकटे राहायचे नसते. तिथे स्क्रीबच्या हलक्या, चटपटीत ओळी आणि ओबेरची हलकी चाल यांत फट सापडत नाही. त्याला मोजायचे असेल तर या छोट्या ऑपेरांनी मोजावे, असे मला वाटू लागले आहे.

मांडवीकाठ

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी कोणता आधी पाहावा? पाच अंकांची तयारी सगळ्यांची नसते.

बारामतीचा_बॅरिटोन

रोसिनीचा 'ल कोंत ओरी' (१८२८). दोनच अंक आहेत, संहिता स्क्रीब आणि देलेस्त्र-प्वारसों यांची आहे, आणि दुसऱ्या अंकात एक लंपट सरदार आपल्या साथीदारांसह जोगिणींच्या वेषात किल्ल्यात शिरून तळघरातली दारू संपवतो. त्यानंतर 'रोबेर'मधल्या जोगिणी पाहाव्यात, म्हणजे तीन वर्षांत त्याच वेषाचे त्याने काय केले ते दिसेल.

गणू_मास्तर

आणि 'ला म्युएत' बघायला बसलात तर शेवटपर्यंत बसा.